कुमुदिनी शिंत्रे यांचा सलग जीवनपट

"तुम्ही जिवंत आहात, हाच तुमच्या मुलीच्या विरोधातला मोठा पुरावा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

उज्ज्वलाने सवयीने "सॉरी" म्हटलं. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने बऱ्याच गोष्टींबद्दल माफी मागितली होती, जिवंत असल्याबद्दल पहिल्यांदाच.

"आणि तुमच्या आईही आहेत," डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "कुमुदिनी दत्तोबा शिंत्रे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय पंच्याऐंशी. रक्तदाब छान. एकदा मोतीबिंदू. बास."

"आज्जीला काही झालं नाही म्हणून मला काही होणार नाही, असंच ना?" ओवीने विचारलं.

ओवी उज्ज्वलाची मुलगी. एकोणतीस वर्षांची, गडहिंग्लजला मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची. गेल्या तीन महिन्यांत ती मैदानावर दोनदा चक्कर येऊन पडली होती. तिचा थोरला भाऊ मंदार आठ वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, हिरण्यकेशी नदीत बुडाला. तो तालुक्यातला पट्टीचा पोहणारा होता. पट्टीचा पोहणारा कंबरभर पाण्यात कसा बुडतो, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांना पडला आणि दिवस घातल्यावर सगळे तो विसरले.

प्रकरण एका अक्षराचं होतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्याची तयारी करावी लागते. त्यासाठी पेशींच्या भिंतींत सूक्ष्म दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर पडलं की पेशी पुन्हा सज्ज. ही दारं कशी बनवायची याची कृती जनुकात लिहिलेली असते आणि ओवीच्या कृतीत एक अक्षर वेगळं निघालं. त्यामुळे दार जड उघडत असावं. माणूस धावला, पोहला, दचकला की ठोके भराभर येतात, दार मागे पडतं आणि हृदय रक्त ढकलायचं सोडून नुसतं थरथरत बसतं. किंवा यातलं काहीच होत नाही. प्रत्येकाच्या जनुकांत अशी हजारो बदललेली अक्षरं असतात आणि बहुतेक सगळी आयुष्यभर गप्प बसतात. मारणारं कोणतं आणि गप्प बसणारं कोणतं, हे प्रयोगशाळेत नेहमी कळत नाही. घराण्यात कळतं. ते अक्षर घेऊन जन्मलेली माणसं किती वर्षं जगली, एवढाच हिशेब.

उपाय होता. हृदयाच्या पेशींत शिरून ते अक्षर दुरुस्त करणारी सुई निघाली होती. एकदा टोचायची, कायमची. पण ज्याला गरज नाही त्याला टोचली तर धडधाकट हृदय बिघडायची भीती. म्हणून नियम होता: घराण्यात या अक्षराने माणूस गेल्याचं जीवनपटात दिसलं, तरच सुई. छातीत बसवायच्या यंत्रालाही हीच अट.

"हे अक्षर तुमच्यातही आहे, पण तुमच्या वडिलांच्या भावंडांत नाही," डॉक्टरीणबाई उज्ज्वलाला म्हणाल्या. "म्हणजे ते आईकडून आलं. आई पंच्याऐंशी, तुम्ही त्रेसष्ट. मुलगा गेला, पण तो बुडून. अक्षर निरुपद्रवी आहे. आनंद माना."

उज्ज्वलाला आनंद मानता येईना. कारण तिची आई तेविसाव्या वर्षी गेली होती, आणि ते तिला माहीत होतं.

जीवनपट ही सरकारची सात वर्षांपूर्वीची कामगिरी. शाळांची रजिस्टरं, जन्ममृत्यूची पुस्तकं, रेशनकार्डं, मतदारयाद्या, दवाखान्यांचे केसपेपर, हजेरीपट, लग्नपत्रिका, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या, असं कसर लागलेलं आणि न लागलेलं सगळं यंत्राला वाचायला दिलं. त्याने ते वाचलं आणि एकेका माणसाचं आयुष्य पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत जोडून दिलं. मधे कागद नसतील तिथे यंत्र शक्यतेने भर घालायचं. या गुणाला ते सलगता म्हणत. पुढे कायदाच झाला की माणूस आणि त्याचा जीवनपट यांत फरक पडला तर जीवनपट ग्राह्य धरावा. माणसं विसरतात, खोटं बोलतात, शिवाय मरतात. जीवनपटाला यातली एकही खोड नव्हती.

कुमुदिनीबाईंचा जीवनपट यंत्राच्या उत्तम कामाचा नमुना होता. चारशे बारा कागद, एकही खंड नाही. १९७९ साली त्यांची उंची दोन इंचांनी वाढलेली दिसत होती, ते श्रेय यंत्राने सुधारलेल्या आहाराला दिलं. त्याच वर्षी त्या उजव्या हाताच्या डावखुऱ्या झाल्या आणि हस्ताक्षर पार बदललं. यंत्राने शेरा मारला होता: प्रसूतीनंतरचा ताण.

आई अंगणात पाट मांडून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. डाव्या हाताने. उज्ज्वला शेजारी टेकली आणि तिनेही चार शेंगा घेतल्या.

"डॉक्टर काय म्हणाली?"

"तू ठणठणीत आहेस म्हणाली."

"ते सांगायला कोल्हापूरपर्यंत नेलं व्हय पोरीला?"

उज्ज्वलाने अक्षराचं, सुईचं, सगळं सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत. शेवटी उज्ज्वला म्हणाली, "आई, मला माहितीय."

"काय?"

"तुझ्या आधी होती ती."

एक शेंग फुटली, दुसरी फुटली.

"कधीपासून?"

"सातवीत होते. परटाच्या काकूनं सांगितलं."

"आणि छपन्न... नाही, पन्नास वर्षं बोलली नाहीस?"

"तू तरी कुठं बोललीस?"

"मला वाटलं तुला वाईट वाटंल."

"मलापण तेच वाटलं."

एवढ्यावर पन्नास वर्षांचा विषय संपला आणि दोघींनी टरफलं बाजूला केली.

मग आईने सांगितलं. उज्ज्वलाचे वडील दत्तोबा शिंत्रे यांचं शिलाईचं दुकान होतं. पहिली बायको माहेरची तारा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात, तसं दत्तोबांनी लिहिलं, कुमुदिनी. तारा हुशार. लग्नानंतर शिक्षिकेचा कोर्स केला, सासरच्या नावानेच परीक्षा दिली, पास झाली. मुलगी अकरा महिन्यांची असताना एके दिवशी गोठ्यातून सुटलेल्या रेडकामागे धावली आणि बांधावर पडली ती उठलीच नाही. भानामती म्हणाले, करणी म्हणाले. नदीकाठी दहन झालं. मेलेल्या माणसाची नोंद करायला तालुक्याला जायचं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यायचं नाही. मेलेल्याला त्याची गरज नसते, असा समज होता.

एकोणीस दिवसांनी टपालाने हुकूम आला. श्रीमती कुमुदिनी दत्तोबा शिंत्रे यांनी जूनच्या पंधरा तारखेपर्यंत शाळेवर हजर व्हावे.

"माझं नाव हौसा," आई म्हणाली. "नेसरीची. सातवी पास. त्याच आठवड्यात दुसरेपणावर देताना वडीलधारी म्हणाली, पहिलीचंच नाव ठेवा, म्हणजे ती त्रास देणार नाही. तुझ्या बापानं ताटात तेच नाव लिहिलं. शिंपी माणूस, मापाचं कापड तयार होतं, त्यानं त्यात मला बसवलं."

"आणि तू शाळेत गेलीस?"

"गेले की. पहिल्या वर्षी मी आणि पोरं मिळून सतराचा पाढा पाठ करत होतो. पोरांचा आधी झाला." ती हसली. "पस्तीस वर्षं शिकवलं. तिची जन्मतारीख मोठी, म्हणून तीन वर्षं आधी घरी बसवलं मला. सवत ती सवतच."

ओवी दारात उभी राहून ऐकत होती. "आज्जी, हे कुणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या कागदांवर जगणाऱ्याला काय करतात माहितीय ना?"

"काय करतात?"

"काहीच करत नाहीत. त्याच्याशी कुणी काहीच करत नाही. ना दवाखाना, ना रेशन. तो नसतोच."

"बघू," आज्जी म्हणाली. "महादेवला विचारू."

महादेव बुगडे तालुक्याचा जीवनपट अधिकारी. बावन्न वर्षांचा. बाई कचेरीत आल्यावर तो खुर्ची सोडून पाया पडला. तिसरीपर्यंत तो बाईंच्या हाताखाली होता.

"बाई, बसा की. पाणी आणा रे! वाढदिवसाला येणार होतो ह्या एक जूनला, पण घरात माझाच होता."

"तुझा कसला एक जून! तू दिवाळीत जन्मलेला. तुझ्या आईला तारीख सांगता येईना, म्हणून शाळेत घालताना मी लिहिली."

"हळू बोला बाई," महादेवने भिंतीकडे पाहिलं. भिंतीत यंत्र होतं.

तालुक्यातली निम्मी मंडळी एक जूनला जन्मली होती. त्या काळच्या गुरुजी-बाईंनी शाळेत नाव घालताना सोयीची म्हणून टाकलेली तारीख. एकट्या बाईंच्या सहीने जवळजवळ चौदाशे.

सगळं ऐकून महादेवने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"बाई, गालातनं फिरवलेला कापूस तपासायला दिलात तर यंत्र एवढंच म्हणंल की उज्ज्वलाताई तुमच्या पोटच्या न्हाईत. मग कुणाच्या? तारा म्हणून बाई होती आणि ती मेली, ह्याला कागद लागंल. कागद कुठं हाय?"

बाईंनी गळ्यातला चांदीचा टाक पदराबाहेर काढला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची ठसठशीत आकृती. दुसरेपणाची बायको मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालते. बासष्ट वर्षं तो तिथेच होता.

"हा आहे."

महादेवने टाक उलटा करून पाहिला. त्याने तो प्रामाणिकपणे पाहिला, दोन्ही बाजूंनी. "ह्याच्यावर तारीख न्हाई, बाई."

"मग काय करायचं?"

"तिचे कागद तुमच्याकडं हायेत. म्हणजे पुढचे सगळे तुमचेच, पण तिच्या नावानं. ते परत करावे लागतील. नोंदत्याग म्हणतात. तुम्ही लिहून द्यायचं की एकोणऐंशीच्या जूनपासूनचे सगळे कागद माझे न्हाईत. मग यंत्र ते बाद करतंय. तिचा शेवटचा खरा कागद मेमधला. तेवीस वर्षांची बाई, पदरात तान्हं पोर, हातात नोकरी, आणि एकदम कागद बंद. यंत्र मृत्यू धरंल. मंदारचं बुडणं त्याला जोडून परत तपासंल. दोन तरुण मरणं झाली की ओवीला सुई."

"मग लिही."

"आणि तुमच्याकडं काय उरतंय, ते विचारा की!"

"काय?"

महादेवने पडदा तिच्याकडे वळवला. हौसा बाळू गुरव, नेसरी. जन्माची नोंद नाही. शाळेत दाखल १९६५, सातवी उत्तीर्ण १९७२. बस्स.

"ह्याच्यावर जीवनपट होत न्हाई बाई. किमान नऊ कागद लागत्यात."

"आज्जी, ऊठ," ओवी म्हणाली. "मला नकोय. गोळ्या घेते, मैदान सोडते, जिना सावकाश चढते. होईल ते होईल."

"मंदारही सावकाशच उतरला होता पाण्यात," आज्जी म्हणाली. आवाज वाढवला नाही. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला आवाज वाढवावा लागत नाही. "ओवी, तू माझ्या रक्ताची नाहीस. तुला माझ्याकडून ना नाक आलं ना हट्ट. द्यायचं म्हटलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे? आणि हे तरी माझं कुठं आहे? ज्या बाईचं आहे, तिच्याच नातीला चाललंय. मधे मी कोण लुडबूड करणारी?"

नको म्हण, असं उज्ज्वलाला स्वतःला सांगता येईना. हो म्हण, असं आईला. ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. पुढे तिला आयुष्यभर तो ग्लास आठवणार होता, त्यावरच्या निळ्या फुलासकट.

महादेवने शेवटचा प्रयत्न केला. "बाई, चौदाशे पोरांच्या रजिस्टरवर तुमची सही हाय. तुम्हीच न्हाई म्हणल्यावर ती सही कुणाची? माझी पण तारीख जातीय बघा. नोकरी राहती का न्हाई..."

बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पाढा चुकल्यावर पाहायच्या तसं. महादेव उठला, छापील अर्ज काढला आणि स्वतःच्या हाताने भरायला लागला. बाईंनी डाव्या हाताने सही केली. हौसा. हे नाव सातवीनंतर पहिल्यांदाच लिहीत होत्या, म्हणून अक्षर जरा लहान मुलीसारखं आलं.

यंत्राने अकरा मिनिटं घेतली. तारेचा मृत्यू १९७९, हृदयविकार संभाव्य. मंदारचं बुडणं रद्द, हृदयविकार निश्चित. ओवीचं अक्षर प्राणघातक. तेराव्या दिवशी कोल्हापुरात तिला सुई टोचली. ती दोन रात्री तापाने फणफणली आणि तिसऱ्या दिवशी उठून बसली. दीड महिन्यानंतरच्या तपासणीत दारं नीट उघडत होती. डॉक्टरीणबाईंनी अभिनंदन केलं आणि आजी तरुणपणीच वारल्याबद्दल दुःखही व्यक्त केलं.

महादेवची जन्मतारीख 'अनिश्चित' झाली आणि त्याला घरी बसवलं. चौदाशेंपैकी काहीजण बाईंच्या दारात भांडायला आले. पण भांडायचं कुणाशी, असा पेच पडला. घरात उज्ज्वला नाईक आणि ओवी नाईक अशा दोनच व्यक्ती होत्या. तिसरीला शिव्या दिल्या तर तक्रार नोंदवता येत नव्हती, म्हणून त्यांनी त्या मोकळ्या मनाने दिल्या. हौसाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. दोघातिघांची नावं चुकवली, मग हजेरीच्या क्रमाने बरोबर सांगितली.

उज्ज्वलाने एकदा स्वतःचा जीवनपट उघडून पाहिला. आई: तारा ऊर्फ कुमुदिनी, मृत. त्या वेळी अपत्याचे वय: अकरा महिने. त्यानंतरचे संगोपन: नोंद नाही. अकरा महिन्यांची ती पोर, कागदोपत्री, स्वतःच चालायला शिकली, स्वतःच गोवरातून उठली आणि स्वतःचा डबा भरून शाळेत गेली.

थंडीत हौसाबाईंना खोकला झाला. आठवड्यात तो छातीत उतरला. ओवीने त्यांना रिक्षात घालून दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. दारातल्या यंत्रासमोर हौसाबाईंचा चेहरा धरला. दार उघडलं नाही. तिने मागे घेऊन पुन्हा धरला.

"ताई, समोर कुणी उभं राहिलं तर उघडतं ते," पहारेकरी समजुतीने म्हणाला.

"उभी आहे की ही!"

"मला दिसतंय ओ. त्याला दिसाय पायजे."

महादेवने ओळखीने औषधाच्या बाटल्या आणून दिल्या. ओवी स्वतःच घरी सलाईन लावायला शिकली. उशाशी बसून ती दर तासाला श्वास मोजायची. तिचं स्वतःचं काळीज या सगळ्यात अगदी वेळेवर, घड्याळासारखं चालत होतं. तिला त्याचा राग यायचा.

"मैदानावर जातेस का?" हौसाबाईंनी विचारलं.

"जाईन. तू बरी झालीस की."

"आत्ता जा. धावून ये एक फेरी. मला बघू दे."

ओवी रस्त्यावर गेली आणि खिडकीसमोरून धावली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा आली तेव्हा खिडकीत उज्ज्वला उभी होती आणि तिने नुसती मान हलवली.

दहनासाठी परवाना लागतो आणि परवान्यासाठी मयत लागतो. हौसा बाळू गुरव हिला जीवनपट नव्हता, म्हणून तिला मरता येत नव्हतं. नगरपालिकेची गॅसदाहिनी तिच्यासाठी पेटणार नव्हती आणि उघड्यावर लाकडं रचायला तीन वर्षांपूर्वीच बंदी आली होती. दुपारपर्यंत उज्ज्वला चार खिडक्यांवर जाऊन आली. हौसाबाई घरात, ओल्या चादरीखाली.

तीन वाजता महादेव आला. रडून झालेला दिसत होता. त्याच्या हातात एक छापील चिठ्ठी होती.

"ताई, एक मार्ग हाय. तारेच्या मरणाची नोंद यंत्रानं केली न्हवं का? पण दहनाची नोंदच न्हाई. बासष्ट वर्षं अंत्यविधी प्रलंबित दाखवतंय. परवाना आपोआप निघालेला हाय. फकस्त कुणी वापरला न्हाई."

उज्ज्वलाने चिठ्ठी वाचली आणि ओवीकडे दिली. ओवी म्हणाली, "चला."

स्मशानातल्या माणसाने चिठ्ठी यंत्राखाली धरली, मग तिरडीवरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"तारा ऊर्फ कुमुदिनी. वय तेवीस?"

ओवीने चादर पांढऱ्या केसांवर ओढून घेतली.

"आजारपणात माणूस थकतंय," तो स्वतःशीच म्हणाला आणि पुढच्या रकान्याकडे वळला. "अग्नी कोण देणार?"

"मी," ओवी म्हणाली.

"तुमचं वय?"

"एकोणतीस."

"मयताशी नातं?"

"नात."

त्याची बोटं थांबली. तेवीस आणि एकोणतीस हे दोन आकडे त्याने आळीपाळीने पाहिले. "ताई, हे घेणार न्हाई ते. बघा, लावून बघतो."

त्याने लावून बघितलं. यंत्राने क्षणभरही वेळ घेतला नाही. हिरवा दिवा लागला. नोंद बरोबर होती.